तीन लाखांच्या जेवणाची हमी

माझी जुळी बहीण आपियो माझ्याआधी काही मिनिटं जन्माला आली, आणि त्या मिनिटांचं भाडं ती अजून माझ्याकडून वसूल करते आहे. आमच्यात जुळ्यांची नावं शोधावी लागत नाहीत. आधी येते ती आपियो, मागून येते ती अडोंगो. तिनं पुढे धावायचं आणि मी मागून सांडलेलं भरायचं, हे जन्मापासून ठरलेलं आहे.

त्या दिवशीही ती अशीच धावत माझ्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली. गळ्यात मोजपट्टी, केसांत दोऱ्याचे तुकडे, आणि दुकानात खिळे घ्यायला आलेल्या दोन गवंड्यांसमोर ओरडली, "अडोंगो, आपण मेळा भरवतोय!"

"कसला मेळा? कोण मेलं?"

"चाहत्यांचा मेळा गं! चित्रकथावाले, कार्टूनवाले, गेमवाले, वेष करून येणारे. इथे, किसुमूत!"

आपियो शिंपीण आहे. शाळेचे गणवेश शिवून ती पोट भरते आणि या वेषवाल्या पोरांचे पंख, शेपट्या, चिलखतं शिवून मन भरते. ही पोरं दरवर्षी रात्रीच्या बसनं नैरोबीला जायची, मांडीवर पुठ्ठ्याची तलवार आणि डोक्यावर शेजाऱ्याची कोंबडी घेऊन. त्यांची सगळ्यात लाडकी चित्रकथा म्हणजे 'लाल हेल्मेट', बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्या एका पोरीची. ती काढली जाते इथे किसुमूत, आणि तिचा उत्सव मात्र नैरोबीत.

"म्हणजे मासा आपल्या सरोवरातला आणि तो खायला नैरोबीला जायचं?" आपियो म्हणाली. "लाज वाटते मला. तू खजिनदार."

"मी हो म्हटलं का?"

"मी आधी जन्मले."

तिनं जमाखर्च करून आणला होता. ब्लाउजच्या कागदी नमुन्याच्या मागं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खर्च, लागेल तो. जमा, भरपूर. मी तो कागद घडी करून तिच्या पिशवीत ठेवला आणि दुसरा घेतला. धुराचं यंत्र कापलं. लाल गालिचा कापला. व्यासपीठावर उतरणारा पाळणा कापला, त्यासाठी ती माझ्याशी दोन दिवस भांडली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे मला जमत नाही. तिकिटांतून पोस्टर, पोलिसांचा परवाना, खुर्च्या आणि माईक एवढं कसंबसं निघत होतं. हॉलसाठी एक शिलिंग उरत नव्हता. आणि खरं सांगते, आकडे जसजसे एकमेकांना भिडायला लागले तसतशी माझीच झोप उडायला लागली. आठशे माणसं येतील असं पोरं सांगत होती. आठशे!

सरोवराकाठी एवढी माणसं मावतील असा हॉल एकच, ओग्वेनोच्या हॉटेलातला. ओग्वेनो साठीचा, पोटानं मोठा आणि हातानं आखडता. त्याच्याशी सौदा करून आलेला माणूस घरी पोचल्यावर आपली बोटं मोजतो, असं गावात म्हणतात. तो व्हरांड्यात बसून अख्खा तळलेला मासा खात होता.

"या लेकींनो. मासा घेणार?"

"नको," मी म्हणाले.

"घेते ना," आपियो म्हणाली. आमचा पहिला तोटा तिथेच झाला, कारण तो मासा पुढे बिलात निघाला.

"हॉलचं भाडं किती घ्याल, जादुओंग?" मी विचारलं. जादुओंग, म्हणजे वडीलधारे, म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचं मन अर्धं विरघळतं. ओग्वेनोचं नखाएवढं विरघळतं, पण तेवढं तरी पदरात पाडून घ्यावं.

"भाडं कसलं! तुम्ही मला मुलींसारख्या. फुकट घ्या हॉल."

आपियो खुर्चीतून उठलीच. मी तिला खाली ओढलं. फुकट हा शब्द ऐकला की मी आधी पर्स घट्ट धरते.

"फक्त," ओग्वेनो काटा बाजूला काढत म्हणाला, "दोन दिवसांत माझ्या स्वयंपाकघरातून पाच लाखांचं खाणंपिणं विकलं गेलं पाहिजे. बाहेरचा एक तळलेला मांदाझीसुद्धा आत येता कामा नये. जेवढं कमी पडेल तेवढं तुम्ही भरायचं, रविवारी दिवे लागायच्या आत."

"पाच लाख? ही शिकणारी पोरं आहेत, खासदार नाहीत."

"माणसाला दिवसात तीनदा भूक लागते."

"शिकणाऱ्या पोराला भूक पाचदा लागते, जादुओंग, पैसे एकदाच असतात. दोन लाख."

"चार."

"दोनच. आणि वीज गेली तर जनरेटरचं डिझेल तुमचं."

"डिझेल माझं? बाई, तू हॉल घेतेस का हॉटेल?"

असं चाललं होतं. तो साडेतीनवर आला, मग तीनवर. डिझेल आमच्या अंगावर टाकणारी कागदावरची ओळ त्यानं कुरकुरत स्वतःच्या हातानं खोडली. मला दिसत होतं, माशाचं डोकं चोखून होईपर्यंत तो अडीचवर येणार. मी गप्प बसले. सौद्यात गप्प बसणं हेच खरं काम असतं, आणि तेवढं एक काम आपियोला येत नाही.

"तीन लाख तर सहज होतील!" ती टाळी वाजवून म्हणाली. "आमची पोरं काय खातात हो! बकासुरासारखी!"

ओग्वेनोनं हात पुसला आणि कागदावर तीन लिहिलं. झालं. "आता हमीचं बोला. नाही भरलंत तर मी कोणाच्या दारात बसू?"

"माझी तीन शिलाई मशिनं," आपियो म्हणाली.

मी टेबलाखालून तिला सणसणीत लाथ घातली. ओग्वेनो कळवळला.

"डास असेल," मी म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मी तिला बोल बोल बोलले. ती तीन मशिनं म्हणजे तिचं दुकान, तिचं घरभाडं, तिच्या पोराची फी. "हात दाखवून अवलक्षण करायची गरज होती का? मशिनं गेली तर काय, सुईनं गणवेश शिवशील?"

"अगं, पण विकलं जाणारच ना तेवढं? तूच सांग हिशेबानं."

मी हिशेब केला. आठशे माणसं, दोन दिवस, रोज एकदा चिप्स आणि सोडा जरी घेतला तरी तीन लाखांच्या वर जात होतं. मी तीनदा केला. तीनदा तेच आलं. मग मात्र आम्ही दोघींनी रस्त्यातच एकमेकींचे हात धरले आणि उड्या मारल्या, या वयात.

राहिलं संगीत. आपियोला नैरोबीसारखा कॉम्प्युटरवाला पोरगा नको होता, तिला आपल्या लग्नांतले ओहांगलाचे ढोल हवे होते. म्हणून आम्ही म्हाताऱ्या ओलांगकडे गेलो. त्यानं आमच्या आईच्या लग्नात ढोल वाजवला होता आणि त्या जोरावर तो अजून दर कमी करत नाही.

"दोन दिवसांचे चाळीस हजार," तो म्हणाला.

"पाच," मी म्हणाले.

"बरं, पाच. पण पाक्रुओकचा पैसा सगळा माझा. त्यातला शिलिंगही मागायचा नाही."

माझ्या पोटात हसू उसळलं. पाक्रुओक म्हणजे गाणं रंगात आलं की कोणीतरी उठतो, टोपलीत नोट टाकतो आणि ढोल थांबवतो. मग माईक हातात घेऊन स्वतःची, गावाची, सासऱ्याची, मित्राची, ज्याची हवी त्याची बढाई मारतो, आणि ढोल पुन्हा सुरू होतात, पुढचा उठून थांबवेपर्यंत. लग्नात आमचे काका लोक या नादात बसभाडंही ठेवत नाहीत. पण ही मुखवटेवाली पोरं? ज्यांच्या तोंडून घरी आईला धड हाक निघत नाही, ती माईकवर बढाया मारणार? म्हाताऱ्यानं चाळीस हजारांवर पाणी सोडलं होतं. मी घाईघाईनं स्वतःच्या अक्षरात करार लिहिला आणि 'सगळा' या शब्दाखाली रेघ मारली. ओलांगनं अंगठा दिला तेव्हा तोही हसत होता. मला वाटलं, भोळा आहे बिचारा.

शनिवारी सकाळी मी दाराशी तिकिटं फाडत होते, आणि काय सांगू! टुकटुकमधून एका पोराचे पंख बाहेर निघेनात, चौघांनी ओढून काढले. सांडपाण्याच्या पाइपांचा राक्षस आला. तीन चेटकिणी एकाच बोडावर बसून आल्या. आणि मग हमरस्त्यावरून हॉर्नचा कल्लोळ उठला. पन्नासएक बोडा एका रांगेत, प्रत्येकावर लाल हेल्मेट घातलेली पोरगी किंवा पोरगा, लाल कापडाचे शेले वाऱ्यावर! मी, जी शिलिंग शिलिंग मोजते, ती तिकिटांचा गठ्ठा डोक्यावर नाचवत ओरडत होते. आपियो माझ्या शेजारी उभी राहून रडत होती आणि रडता रडता एका शेल्याची शिवण तपासत होती.

हॉलच्या एका कोपऱ्यात तिनं तिची तिन्ही मशिनं मांडली होती. कोणाचं काही उसवलं की ती तिथेच शिवून द्यायची. मशिनांचा आवाज ढोलात मिसळत होता. ओग्वेनो पाठीमागे हात बांधून फिरत फिरत तिथे आला आणि एका मशिनाच्या पाठीवर थोपटून पुढे गेला. मला ते आवडलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघराचा आचारी आला. "ताई, आजची विक्री साठ हजार."

"एक लाख साठ?"

"साठ."

मी धावत जेवणाच्या मंडपात गेले. तळलेले मासे परातींत थंड पडले होते. आचाऱ्याची माणसं ओळीनं उभी राहून माशा हाकत होती. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि इथे फक्त पोरांना सोडायला आलेले चार बाप चहा पीत बसलेले. मी एका लाल हेल्मेटला धरलं.

"बाळा, जेवलास का?"

हेल्मेट डावीउजवीकडे हललं, नाही म्हणून.

मी काच वर केली. आत हनुवटीपासून नाकापर्यंत लाल कापडी मुखवटा, घट्ट, कडेनं गोंदानं चिकटवलेला. तोंडाला भोकच नाही. पलीकडच्या राक्षसाला भोक नाही. चेटकिणींचे चेहरे तीन तास बसून रंगवलेले, त्या ओठ हलवायला तयार नाहीत. पाणीसुद्धा कोणी पीत नव्हतं, कारण पाणी प्यायलं तर संडासला जावं लागतं, आणि चिलखत पाठीमागून शिवून बंद केलेलं. रविवारी संध्याकाळी वेषांची स्पर्धा होती. तोवर उपाशी मरू पण मुखवटा काढणार नाही, असा सगळ्यांचा निर्धार.

ते मुखवटे शिवले होते माझ्या बहिणीनं.

"तोंडाला भोक ठेवलं की चेहरा बिघडतो गं," आपियो म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"आणि तीन लाखांचं जेवण काय नाकानं खाणार होते?"

"तू हिशेब केलास ना? तुला नाही सुचलं?"

नाही सुचलं. तीनदा केला होता मी तो हिशेब, आणि आठशे तोंडं धरली होती. आम्ही दोघी मशिनांपाशी बसून राहिलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी आम्ही जमेल ते सगळं केलं. मुखवट्याच्या कडेतून सोडा ओढायला नळ्या वाटल्या. दर तासाला माईकवरून जेवणाची आठवण केली. ज्यांनी वेष केला नव्हता त्यांना मी हात धरून मंडपात नेऊन बसवलं, एका मास्तरांना दोनदा. विक्री वाढली, पण उन्हं उतरायला लागली तेव्हा अजून नव्वद हजार कमी होते. ओग्वेनोचे दोन नोकर हातगाडी घेऊन हॉलच्या मागच्या दाराशी येऊन थांबले.

आणि इकडे काय चाललं होतं? एका लाल हेल्मेटनं शनिवारी दुपारीच भीतभीत टोपलीत पन्नासची नोट टाकली होती. ढोल थांबले. मुखवट्याला खायला भोक लागतं, बोलायला लागत नाही. माईक हनुवटीखाली धरला की झालं. पोरगी गरजली, "मी लाल हेल्मेट! मी कोंडेलेच्या चौकाची लेक! माझी बोडा पोलिसांनी तीनदा अडवली आणि तीनदा ढकलून सुरू करून दिली!" हॉल नुसता फुटला. लगेच पाइपांचा राक्षस उठला. "मी आहेरोचा राक्षस, भातशेतीत माझा पाय पडला तिथे तळं झालं!" मग चेटकिणी, मग पंखवाला, मग परत लाल हेल्मेट. घरी ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही त्या पोरांना मुखवट्याआड वाचा फुटली होती, आणि जेवणाचे वाचलेले सगळे पैसे ओलांगच्या टोपलीत पडत होते. त्यानं दुसरी टोपली मागवली.

मी त्याच्याजवळ गेले. "बाबा, आमच्यावर वेळ आलीय. त्यातले थोडे उसने द्या. माझ्या बहिणीची मशिनं जातील."

ओलांगनं घाम पुसला. "लेकी, कराराला अक्षर कोणाचं?"

"माझं."

"रेघ कोणाची?"

"तीही माझीच."

"चाळीस हजार सोडताना तू मला म्हातारा खुळा समजलीस. मी तुला काही म्हटलं का? माझ्या पाच ढोलकऱ्यांची घरं आहेत या टोपलीवर. ही टोपली मी देत नाही." मग त्यानं ढोलावर बोटं टेकवली. "पण ढोल थांबवणं विकाऊ आहे. ते कोणीही घ्यावं. तुझ्याकडे शंभर असतील?"

 मी पर्स उघडली. मी आयुष्यात कधी पाक्रुओक केलं नव्हतं. पैसा पाण्यात टाकायचा तर सरोवर जवळ आहे, असं मी लग्नांत म्हणायची. शंभरची नोट टोपलीत टाकली, ढोल थांबले आणि माईक माझ्या हातात आला.

"मी अडोंगो, दुंग्याच्या किनाऱ्याची लेक!" माझा आवाज चिरकला. "मी आज माझी बढाई मारत नाही. मी बढाई मारते ओग्वेनोची! सरोवराकाठचा पाणघोडा! ज्याच्या हॉलसमोर नैरोबीचे हॉल कोंबड्यांची खुराडी! ज्याचं मन त्याच्या पोटापेक्षा मोठं!"

लोक टाळ्या पिटू लागले. आपलं नाव लाउडस्पीकरवर ऐकून ओग्वेनो दात कोरत व्हरांड्यातून आत आला. आमच्यात कोणी पैसे देऊन तुमची स्तुती केली की गप्प बसता येत नाही, त्याहून मोठी नोट टाकून उत्तर द्यावं लागतं. त्यानं हजार टाकले.

"मी ओग्वेनो!" तो गरजला. "मी चालतो तेव्हा सरोवर मागे सरकतं! मगरी मला विचारून पाण्यात उतरतात!"

ढोल. मी आणखी दोनशे टाकले, त्याला हरभऱ्याच्या झाडावर आणखी वर चढवलं. लाल हेल्मेटवाल्यांना काय ते कळलं असावं, त्यांनीही त्याच्या नावानं नोटा टाकायला सुरुवात केली. ओग्वेनो फुलून गेला. त्यानं पुन्हा हजार टाकले, नाचला, घामाघूम झाला. आणि मग माईक माझ्या हातात परत देताना माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "छान बोलतेस गं. पण स्तुती ती स्तुती आणि करार तो करार. दिवे लावायला सांगितलेत मी."

 मागच्या दारातून हातगाडी आत येत होती. आपियो तिच्या मधल्या मशिनावर दोन्ही हात पसरून बसली होती. माझी बहीण गप्प बसलेली मी त्याआधी कधी पाहिलीच नव्हती.

पर्समध्ये शेवटचे पन्नास होते. ते टाकले. ढोल थांबले, आणि मला काही सुचेना. पाणघोडा झाला, मगरी झाल्या. हॉल वाट बघत होता. आणि मला एकदम दुंग्याचा बाजार दिसला, खोटं सांगत नाही, मशिनावर हात पसरलेल्या आपियोच्या मागं दिसला.

"मी ओग्वेनोची बढाई मारणार होते," मी म्हणाले. "पण मी त्याच्या आईची मारते."

ओग्वेनोचं दात कोरणं थांबलं.

"दुंग्याला किनाऱ्यावर ती ओमेना, ती बोटाएवढी मासळी, विकायची. आम्ही दोघी बहिणी आईबरोबर जायचो. इतर बायका मापाचा डबा भरताना आत बोटं धरायच्या, तेवढंच माप कमी. ओग्वेनोची आई डबा शिगोशीग भरायची, आणि भरून झाल्यावर वर आणखी एक मूठ टाकायची. आमच्याकडे पैसे कमी असले तरी टाकायची. आई म्हणायची, एवढं नको, तुझं नुकसान होईल. तर ती म्हणायची, माझा ओग्वेनो शिकतोय, तुमच्या आशीर्वादाची मूठ त्याला पुरेल. आमचं रात्रीचं जेवण बऱ्याचदा त्या वरच्या मुठीचंच असायचं. ही बढाई नाही. हे झालंय."

ढोल सुरू व्हायला हवे होते. ओलांगनं हात उचलला नाही.

ओग्वेनो तसाच उभा होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यानं खिशात हात घातला, नोटा किती ते न बघता सगळ्या टोपलीत टाकल्या, आणि माझ्या हातून माईक घेतला. 

"मी," तो म्हणाला, आणि थांबला. "मी ओमेनावालीचा मुलगा." पुन्हा थांबला. "या पोरींचा डबा भरला. कमी आहे ते माझ्या आईची वरची मूठ समजा. ती गाडी बाहेर न्या रे. आणि ते मासे थंड करताय कशाला? वाढा या पोरांना! काढा ती फडकी तोंडावरची!"

मग जे झालं ते मला नीट सांगताही येत नाही. ढोल असे वाजले की छताचा पत्रा थरथरला. पोरांनी गोंद ओरबाडून मुखवटे काढले, कोणाच्या गालाची सालं निघाली, स्पर्धा कुठल्या कुठे गेली. उपाशी पोरं मंडपावर तुटून पडली. पंखवाला पंखांनीच मक्याची उगाली ओढत होता. आपियो मशिनावरून उठली ती थेट माझ्या अंगावर येऊन आदळली, आम्ही दोघी जमिनीवर पडलो, आणि पडल्या पडल्या ती माझ्या कानात ओरडली, "पुढच्या वर्षी भोकं ठेवते! देवाशपथ ठेवते!"

पोरं हॉर्न वाजवत पांगली तेव्हा मी खुर्च्या मोजून रचत होते, कारण हरवलेली प्रत्येक खुर्ची आमच्या अंगावर होती. ओग्वेनो हळूच जवळ येऊन बसला. त्याच्या हातात आमचा करार होता, फाडलेला. त्याच्या डोळ्यांकडे बघायचं मी टाळलं.

"अडोंगो," तो म्हणाला. "ते माझ्या आईचं. परत सांग की. माईकशिवाय."

त्यानं सवयीनं खिशाकडे हात नेला. मी नको म्हणून मान हलवली आणि सांगितलं. डबा, इतर बायकांची बोटं, शिगोशीग, वरची मूठ.

"दोन मुठी," तो म्हणाला.

"एक, जादुओंग. मी बघितलीय."

"दोन टाकायची ती. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. दोन."

एकच टाकायची. मला स्वच्छ आठवतं. त्या मुठीत माझा आणि आपियोचा वाटा किती, यावरून आमची रोज भांडणं व्हायची. आणि सौद्यात मी माझा आकडा सहसा सोडत नाही. पण तो माझ्याकडे असा बघत होता की माझ्याच्यानं राहवेना.

"बरं," मी म्हणाले. "दोन."